खुले पत्र : चार कॅमेरे मिळाले, आता एक माणूस द्या

प्रति,
सन्माननीय सदस्य,
जिल्हा नियोजन समिती : रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग

स. न. वि. वि.

मी किनाऱ्यावरच्या एका गावात मच्छीमार सोसायटीत लेखनिक आहे. गेली दोन वर्षं आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्षाही आहे. गावाचं नाव लिहीत नाही. या पत्रात दोन मुलं येतात. त्यातला एक माझा मुलगा आहे आणि दुसऱ्याला आम्ही आधीच पुरेसा त्रास दिला आहे.

सरकारी पैसा कसा चालतो ते मला सोसायटीच्या टेबलावर कळलं. डिझेल परताव्याचे कागद मीच भरते. नाखवा पंपावर रोख मोजतो, मग परतावा कधी येईल ते विचारत माझ्यासमोर येऊन बसतो. लेखाशीर्ष (म्हणजे खर्चाचं ठरलेलं खातं), उपयोगिता प्रमाणपत्र, मार्चअखेर हे शब्द मला परके नाहीत, आणि तुमच्या अडचणीही थोड्याफार कळतात. म्हणून हे पत्र शिक्षणमंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. धोरण मुंबईत ठरतं, पण शाळेच्या भिंतीवर काय ठोकायचं त्याचा पैसा जिल्हा वार्षिक योजनेतून येतो. त्या आराखड्याला मंजुरी देणारे तुम्ही. पालकमंत्री तुमचे अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. पुढच्या वर्षाच्या आराखड्यात शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी तुम्ही काही ना काही धराल याची मला खात्री आहे. तो पैसा कशावर जावा, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी कॅमेऱ्यांची गोष्ट.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं प्रकरण बाहेर आलं. चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेतच लैंगिक अत्याचार. २० ऑगस्टला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले आणि दुसऱ्याच दिवशी शासन निर्णय निघाला. खाजगी शाळांनी महिनाभरात सीसीटीव्ही लावायचे, नाहीतर अनुदान थांबेल किंवा परवानगी जाईल. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी जिल्हा योजनेतून पैसा. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा चित्रण तपासायचं. तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती, वावगं काही घडलं तर चोवीस तासांत वर कळवणं, हे सगळं त्यात होतं. लोकांचा राग खरा होता, सरकारची धावपळही समजण्यासारखी होती. फक्त एक गोष्ट त्या धावपळीत मागे पडली. बदलापूरला वाचा फुटली ती मुलीने घरी सांगितलं म्हणून. तिला काय होतंय ते विचारणारं आणि तिचं ऐकणारं माणूस घरात होतं.

आमचा नंबर त्यानंतरच्या मार्चमध्ये लागला. मार्चमध्येच का, ते तुम्हाला मी काय सांगू. जिल्ह्याच्या ठिकाणाहून दोन मुलगे गाडी घेऊन आले, चार कॅमेरे लावले, ऑफिसच्या कपाटावर चित्रण साठवणारा डीव्हीआर ठेवला, भिंतीला टीव्ही टांगला. मी नारळ फोडला. जागेच्या नोंदीसकट फोटो निघाला, पोर्टलवर गेला. बिल किती झालं ते तुमच्या दप्तरी आहेच.

आमच्या शाळेत पहिली ते सातवी मिळून ४१ मुलं आणि दोन शिक्षक. त्यातल्या एका गुरुजींकडे मुख्याध्यापकाचा कार्यभार आहे. ते तीन वर्ग एकत्र बसवून शिकवतात, यू-डायसवर शाळेची माहिती भरतात, पोषण आहाराची रोजची माहिती चढवतात, निवडणुकीच्या याद्या घेऊन वाडीवाडीत फिरतात. आठवड्यातून तीन वेळा चित्रण बघायचं म्हणजे कधी, हे मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनीही मला सांगितलं नाही. चांगले आहेत गुरुजी. घाटमाथ्यावरचे आहेत, बदलीची वाट बघतात, पण असेपर्यंत मन लावून काम करतात.

बाकीचं काम आमच्या हवेने केलं. कॅमेऱ्यांच्या लोखंडी पट्ट्यांना पहिल्याच पावसाळ्यात गंज चढला. खारा वारा सोसायटीतल्या पत्र्याच्या कपाटांना सोडत नाही, तो कॅमेऱ्याला कसा सोडेल? जुलैत लाईट दिवसातून दहादा गेली आणि आली. आधी यूपीएसची बॅटरी बसली, मग डीव्हीआरचा अडॅप्टर. टीव्हीवर काळा पडदा. दुरुस्तीसाठी कोणाला फोन करायचा, पैसे कुठले, हे ठेक्याच्या कागदात कुठेच नव्हतं. म्हणजे बसवण्यासाठी शीर्ष होतं, चालवण्यासाठी नव्हतं.

आता मुलांची गोष्ट. ही लिहायला मला तीन महिने लागले.

आमच्याकडे हापूसच्या बागांना नेपाळी राखणदार असतात, हे कोकणात कोणाला सांगायला नको. बरेचसे हंगामापुरते येतात. काही कुटुंबं बारमाही बागेतच एका खोलीत राहतात. त्यांची मुलं आमच्या शाळेत येतात आणि आमच्या पोरांपेक्षा शुद्ध मराठी बोलतात, कारण ती पुस्तकातून शिकलेली असतात. असा एक मुलगा सहावीत होता. माझा मुलगा सातवीत.

शाळेखालून पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरते, खाली पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, साकव हा छोटा पूल आहे, साकव ओलांडला की बागेची वाट. शेवटचा कॅमेरा शाळेच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीवर. तिथून साकव पंधरा-वीस पावलं असेल, पण वळणाच्या आड. तिथे चार मुलं उभी राहायची. नेपाळी मुलाने आधी सलाम ठोकायचा, "जी शाब" म्हणायचं, मग पलीकडे जायचं. आधी ही गंमत होती. मग सलाम नीट नाही म्हणून निरगुडीच्या फोकाने मार. मग फोक रोजचाच झाला. एकदा त्याचं दप्तर पऱ्ह्यात टाकलं. पावसाळ्यातला पऱ्ह्या, पुस्तकं कुठवर गेली असतील देव जाणे. त्या चारांतला एक माझा.

हे कोणाला कळलं? गुरुजींना नाही, मला नाही. पत्र्याची तक्रारपेटी ऑफिसच्या दाराशेजारी टांगलेली आहे. तिच्यात कागद टाकायचा तर ऑफिसात बसलेल्या प्रत्येकाला दिसतो. त्या पेटीचं कुलूप गंजून बसलं होतं, नंतर हातोडीने तोडलं. आत एक पालीचं अंडं आणि गेल्या वर्षीच्या गणपतीच्या सजावटीचा झिरमिळ्यांचा गुंता. भिंतीवर १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर रंगवलेला आहे, मोठ्या निळ्या अक्षरात. त्या मुलाच्या बागेत मोबाईलला रेंज नाही.

कळलं ते पोषण आहार शिजवणाऱ्या काकींना. त्यांचं घर शाळेच्या गडग्याला लागून. शाळा सुटली की हा मुलगा सरळ घरी न जाता काकींच्या पडवीत यायचा आणि न सांगता लाकडं रचायला लागायचा. चुलीची ओली लाकडं एका बाजूला, सुकी एका बाजूला, अगदी व्यवस्थित. काकींनी चार दिवस बघितलं. सहावीतलं पोर कोणाच्या घरी फुकट लाकडं रचत नाही. पाचव्या दिवशी त्यांनी त्याला चहा दिला आणि काही विचारलं नाही. सहाव्या दिवशी विचारलं, "घरी जायला भितोस काय रे?"

त्या दिवशी दिवेलागणीला काकी माझ्याकडे आल्या. बस म्हटलं तर बसल्या नाहीत. "बाय, तुजाच पोरगा हाय त्यात," म्हणाल्या आणि गेल्या.

मी काय केलं ते सांगते. मी आधी विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या वायरमनला घेऊन शाळेत गेले, स्वतःच्या पैशाने नवा अडॅप्टर लावला आणि डीव्हीआर चालू केला. माझा मुलगा त्यात नाही हे मला बघायचं होतं. बंद पडण्याआधीच्या दोन आठवड्यांचं चित्रण आत होतं. साकव अर्थातच दिसत नाही. पण रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर चार मुलं गडग्यावरून उड्या मारत सगळ्यांच्या आधी खाली पळताना दिसतात. त्यानंतर बऱ्याच वेळाने एक मुलगा एकटा फाटकाशी येतो, उभा राहतो, मागे बघतो, परत आत जातो. पुन्हा येतो. एका दिवशी तो असा तीन वेळा आत-बाहेर करतो. म्हणजे दोन आठवडे सगळं रोज त्या डब्यात जमा होत होतं. ज्याला त्या मुलाचं नाव माहीत आहे असा कोणी ते बघत नव्हता, एवढंच.

काकींना महिन्याला २,५०० रुपये मानधन मिळतं.

माझ्या मुलाचे वडील मुंबईला असतात. गणपतीला येतात, शिमग्याला येतात. आमच्या जिल्ह्यात हे घरोघरी आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त स्त्रिया मोजल्या गेल्या, कारण पुरुष मुंबईत मोजले गेले. मुलाला मी विचारलं, का मारलंस? आधी म्हणाला, सगळेच मारतात. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "बाबा फोनवर रोज विचारतात, मार खाऊन नाय ना आलास." यावर मी काय बोलणार? मीही त्याला लहानपणी उलथन्याने मारलेलं आहे. आमच्या पालकसभेत "मारा हो गुरुजी, डोळा-कान तेवढा सांभाळा" म्हणणारे बाप आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ २००९ मध्येच बंद केला, हे मी अध्यक्षा झाल्यावर वाचलं. आधी कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

पुढे गावकी बसली. देवळाच्या सहाणेवर, म्हणजे पालखीच्या चौथऱ्यावर. कोकणात कुठलीही भानगड आधी गावकीत जाते, मग जमलं तर सरकारात. नेपाळी मुलाच्या वडिलांना बोलावलं. बागेचे मालक समोरच बसले होते. तो माणूस हात जोडून म्हणाला, "कुछ नहीं हुआ, बच्चे हैं." चार घरांनी मिळून पुस्तकं आणि दप्तर घेऊन द्यायचं ठरलं, देवाला नारळ ठेवला, विषय मिटला. मी आई म्हणून तिथे होते की अध्यक्षा म्हणून, ते माझं मलाच ठरवता आलं नाही, त्यामुळे मी काहीच बोलले नाही. व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात या प्रकाराबद्दल एक ओळ नाही. मीच लिहिली नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ते कुटुंब दुसऱ्या तालुक्यातल्या बागेत गेलं. दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण 'स्थलांतर' आहे. नोंदीच्या हिशेबाने ते बरोबरच आहे.

ही एका शाळेची गोष्ट झाली. तुम्ही म्हणाल, एका साकवावरून जिल्ह्याचा आराखडा बदलत नाही. मान्य. पण केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बाल अत्याचारांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. १३ राज्यं आणि १२,४४७ मुलं. शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांतल्या जवळजवळ दोघांनी शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं. लैंगिक अत्याचारांत निम्मे गुन्हेगार मुलाच्या ओळखीचे किंवा ज्यांच्यावर विश्वास टाकावा असे होते. आणि बहुतेक मुलांनी घडलेलं कोणालाच सांगितलं नव्हतं. शाळेतल्या हिंसेवर पैसा खर्च करायचा तर त्याचा मोठा वाटा हे न सांगणं मोडण्यावर जायला हवा, असं मला वाटतं. कॅमेरा घडून गेल्यावर पोलिसांच्या उपयोगाचा आहे, ते मी नाकारत नाही. अनोळखी माणूस फाटकातून आत शिरला तर तो दिसेल. आमच्या गावात अनोळखी माणूस शिरला तर तो फाटकापर्यंत पोचायच्या आत तीन वाड्यांना कळतं, हा भाग वेगळा.

माझी भाची गोव्यात समाजकार्याचं शिक्षण, एमएसडब्ल्यू, करते. मी रडत होते तेव्हा तिने मला धीर दिला आणि एक अभ्यास वाचून दाखवला. गोव्यातल्याच, मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगाथ या संस्थेच्या मंडळींनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यात 'सेहर' नावाचा प्रयोग केला होता. ७४ माध्यमिक शाळा, त्यांचे तीन गट. एका गटात शाळेतल्याच शिक्षकाला मुलांशी बोलण्याचं, कार्यशाळा घेण्याचं काम दिलं. दुसऱ्या गटात तेच काम बाहेरून नेमलेल्या माणसाला दिलं. हा माणूस मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. साधा, प्रशिक्षण दिलेला. तिसऱ्या गटात यातलं काही नाही. २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. बाहेरच्या माणसाच्या शाळांत दादागिरी आणि मारामारी कमी झाली, मुलांचं नैराश्य कमी झालं, शाळेचं वातावरण सुधारलं. शिक्षकावरच काम टाकलेल्या शाळांत फरक दिसला नाही.

हे ऐकून मला आमचे गुरुजी आठवले. शिक्षक वाईट म्हणून फरक पडला नाही असं मी म्हणणार नाही. पण ज्याने सकाळी पाढे चुकले म्हणून ओरडायचं, संध्याकाळी त्याच्याच जवळ मन मोकळं करायचं, हे मुलाला जड जातं. शिवाय वेळ कुठून आणणार? आणखी एक गोष्ट भाचीने दाखवली. त्या प्रयोगातही पेटी होतीच, मुलांनी मनातलं लिहून टाकायची. पण ती उघडणं, वाचणं आणि त्यावर काहीतरी करणं हे एका माणसाचं ठरलेलं काम होतं. आमच्या पेटीला फक्त कुलूप होतं.

नालंदा म्हणजे कोकण नव्हे, आणि तो प्रयोग नववीच्या मुलांचा होता, आमची शाळा सातवीपर्यंतची. तेवढा फरक धरूनच बोलते आहे. पण कॅमेऱ्याने मारामारी कमी होते हे दाखवणारा असा एखादा अभ्यास आपल्या राज्याने खरेदीच्या आधी पाहिला होता का, तेही कोणीतरी सांगावं.

परदेशातलं एकच सांगते, कारण पैसा कसा पळतो ते त्यातून दिसतं. अमेरिकेत फेब्रुवारी २०१८ मध्ये पार्कलंडच्या शाळेत गोळीबार होऊन १७ जण मेले आणि सव्वा महिन्यात तिथल्या संसदेने शाळेतली हिंसा रोखण्यासाठी अनुदानाचा कायदा केला. त्यातून कुलपं, दिवे, धातुशोधक यंत्रं घेता येतात, नाव न सांगता तक्रार करण्याची सोय उभारता येते, शिक्षकांना आणि मुलांना प्रशिक्षण देता येतं. बंदुका घेता येत नाहीत, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. यंत्रसामग्रीच्या भागात केंद्र ७५ टक्के देतं, २५ टक्के तिथल्या स्थानिक संस्थेने घालायचे. पुढे २०२२ मध्ये उवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. तेव्हा नव्या कायद्याने शाळांत समुपदेशक नेमायला आणि घडवायला तब्बल १०० कोटी डॉलर दिले. एप्रिल २०२५ मध्ये नव्या सरकारने नेमकी हीच समुपदेशकांची अनुदानं पुढे चालू ठेवणार नसल्याचं कळवलं. राज्यं कोर्टात गेली. आपल्याकडे पोरांच्या हातात बंदुका नाहीत ही देवाची कृपा, पण कात्री कुठे आधी चालते ते बघा. भिंतीत बसवलेलं यंत्र काढून नेणं कठीण, माणसाचं मानधन थांबवायला एक पत्र पुरतं. सोसायटीतही हेच आहे. बर्फाचं यंत्र नादुरुस्त झालं तर सभा बसते, हिशेबनीसाचे तीन महिने थकले तर कोणी विचारत नाही.

तर माझं मागणं असं. प्रत्येक केंद्राला, म्हणजे आठ-दहा शाळा मिळून, एक 'शाळामित्र' द्या. त्याच भागातली, शिकलेली मुलगी किंवा मुलगा. आमच्याकडे बीए, बीकॉम होऊन घरी काजू सोलत बसलेल्या मुली वाडीवाडीत आहेत. तिने आठवड्यात प्रत्येक शाळेत अर्धा दिवस तरी जायचं. जेवणाच्या सुट्टीत हजर राहायचं, कारण खरी शाळा तेव्हाच भरते. शाळा सुटल्यावर मुलांबरोबर पाखाडी उतरायची, साकव ओलांडायचा, एसटीच्या थांब्यावर उभं राहायचं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच, तेवढा तिचा प्रवासखर्चही कमी होईल. पेटीची किल्ली तिच्याकडे. पेटी ऑफिससमोर नको, पाण्याच्या टाकीमागे किंवा मुलांना हवी तिथे.

तिने कोणाला उत्तर द्यायचं हे सर्वांत महत्त्वाचं. मुख्याध्यापकांना नको, सरपंचांना नको आणि माझ्यासारख्या अध्यक्षांना तर मुळीच नको. तिची नेमणूक आणि तिचा अहवाल तालुक्याच्या पातळीवर राहू द्या, नाहीतर पहिल्याच महिन्यात तिलाही सहाणेवर बसवून नारळ ठेवतील. तिला पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, नीट शिकवा. मुलांची भांडणं, चिडवाचिडवी, फोक हे बोलून सोडवायचं. पण लैंगिक अत्याचाराची शंका आली की बोलणी नाहीत, थेट पोलीस. २०१२ च्या त्या कायद्यात कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. हे आमच्या गावकीतल्या एकालाही माहीत नाही. ज्या घराला वाळीत टाकलेलं असतं त्या घरच्या पोराशेजारी वर्गात कोणी बसत नाही, हेही तिच्या वहीत यायला हवं. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आपल्या राज्याने केला, तो वर्गातल्या बाकापर्यंत अजून आलेला नाही.

काकींनाही यात घ्या. पोषण आहार शिजवणाऱ्या बायका रोज प्रत्येक मुलाच्या ताटात बघतात. कोण कमी वाढून घेतं, कोण बाजूला जाऊन बसतं, कोणाच्या दंडावर वळ आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला दिसत नाही. वर्षातून दोन दिवस त्यांना बोलवा, त्या दिवसांची मजुरी द्या, आणि काही दिसलं तर कोणाला सांगायचं तो एक फोन नंबर द्या.

यावर मला मिळणारं उत्तर मला आधीच मिळालेलं आहे. एका टेबलावर मी तोंडी विचारून पाहिलं. "ताई, या पैशातून पद निर्माण करता येत नाही, वस्तू सुचवा." वस्तू! मी पद मागतच नाही. आशाताईंचं पद कुठे होतं? राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात कामागणिक मोबदल्यावर त्या उभ्या राहिल्या, आणि आज वाडीतलं बाळंतपण त्यांच्याशिवाय होत नाही. दिव्यांग मुलांसाठी समग्र शिक्षा या सरकारी शिक्षण योजनेतले विशेष शिक्षक शाळाशाळांत फिरतातच. तुमच्या योजनेत 'नाविन्यपूर्ण योजना' नावाचं शीर्षही आहे. त्यातून एखाद्या तालुक्यात, निदान दोन केंद्रांत, दोन वर्षं करून बघा. तालुका कुठलाही घ्या. पण सुरू करण्याआधी मुलांना विचारून मोजा आणि दोन वर्षांनी पुन्हा मोजा. म्हणजे बंद करायचं झालं तरी कशाच्या आधारावर ते लिहिता येईल.

कॅमेरेही द्या, माझं भांडण नाही. पण देताना तीन वर्षांची देखभाल त्याच ठेक्यात घाला, पट्ट्या आणि खिळे न गंजणाऱ्या धातूचे लावायला सांगा, आणि चार कॅमेऱ्यांच्या शाळेत एक कमी करून त्या पैशात पाखाडीवर एक दिवा लावा. आमच्याएवढ्या, म्हणजे ३१ ते १०० पटाच्या, शाळेला समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान वर्षाला २५,००० रुपये. त्यातच स्वच्छता, त्यातच खडू-कागद, त्यातच किरकोळ दुरुस्ती. तुम्ही दिलेल्या कॅमेऱ्यांचा जीव त्या पंचवीस हजारांवर टाकू नका.

माझ्या मुलाबद्दल कोणी विचारेल म्हणून लिहिते. तो आता आठवीला हायस्कूलला जाईल, तालुक्याच्या गावी, एसटीने. तिथे तो लहान असेल आणि बाकीचे मोठे. पहाटेच्या वस्तीच्या गाडीत मागच्या सीटवर काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. सध्या तो शाळा सुटल्यावर काकींकडे लाकडं रचायला जातो. मी पाठवत नाही, काकींनी बोलावलंय. दोघं काय बोलतात ते मला सांगत नाहीत.

एक हिशेबाचा प्रश्न राहिला. डीव्हीआरचा अडॅप्टर मी माझ्या पैशाने घेतला, तो शाळेला देणगी समजा. पण यूपीएसची बॅटरी अजून बसलेलीच आहे आणि दुकानदाराचं दरपत्रक माझ्या पिशवीत पडून आहे. ते मी कोणत्या शीर्षाखाली लावू, तेवढं कळवावं.

आपली,
एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्षा